मुरकुडीला जाणारी गाडी

मी पिशवीतून चिखलाचा गोळा काढला आणि शोरूममधल्या सगळ्यात देखण्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकावर थापला. चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत बोटांनी दाबून नीट बसवला. दुसरा गोळा घेतला, तोही बसवला. मग ओढणीला हात पुसत मालकांना म्हटलं, "आता ढकला बरं हिला."

मालक यमसनवार शेठ माझ्याकडे बघतच राहिले. चंद्रपुरातली बडी असामी. त्यांच्या आरशासारख्या फरशीवर आजवर कोणी चप्पल घालून आलं असलं तरी नशीब, आणि मी तिथे ओली माती सांडत होते.

"विशू!" दादा ओरडला. "येडी झाली काय तू? लोकाच्या दुकानात चिखल कालवून रायली!"

"चिखल नाही, कन्हार होय. काळी, चिकट माती," मी म्हटलं. "आमच्याच रस्त्यावरची. ओल्या फडक्यात बांधून मांडीवर घेऊन आणली एस.टी.तून. अजून दोन गोळे आहेत."

शेठनी एका कामगाराला खूण केली. त्याने गाडी ढकलली. चाक अर्धा फेरा फिरलं आणि अडलं. त्याने जोर लावला तशी गाडी पुढे सरकली, पण चाक फिरेना. ते फरशीवर काळी रेघ ओढत घसरत गेलं.

"झालं," मी म्हटलं. "ही गाडी कोहक्याच्या नाल्यापर्यंत जाईल. पुढे नाही."

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला कोसमटोल्याच्या आरोग्य केंद्रात नर्स होते. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गुडघे बोलतात, नातवंडं ऐकत नाहीत, पण त्या दिवसाचा राग अजून तसाच ताजा आहे आणि मी तो मुद्दाम जपून ठेवलाय.

राग यायला कारण होतं. आमच्या केंद्राच्या नदीपलीकडे अकरा गावं होती. माडिया आदिवासींच्या वस्तीची, जंगलातली. शेवटचं गाव मुरकुडी, केंद्रापासून चौतीस किलोमीटर. ती गावं माझ्याकडे होती. पायी जायचं म्हणजे दोन दिवस लागायचे, आणि लशीच्या डब्यातला बर्फ पावसाळ्यात पायी जाणाऱ्या बाईसाठी थांबत नाही. म्हणून आमचे डॉक्टर बोरकुटे साहेब म्हणाले, "सिस्टर, ती गावं ठवरेंना देऊन टाकू. तुम्ही केंद्रात बसा, केसपेपर काढा. सावलीतलं काम आहे." ठवरे म्हणजे आमचे आरोग्यसेवक. पुरुषमाणूस, स्वतःची मोटारसायकल असलेले. पण ठवरे नदी ओलांडत नसत. अलीकडच्या काठावर उभे राहून पलीकडे निरोप धाडत, की पोरं घेऊन या. कोणी येत नसे. आणि गेले असते तरी तिथल्या बाया त्यांना पोट तपासू देणार होत्या थोड्याच?

मी साहेबांशी भांडले. चांगली भांडले. शेवटी ते वैतागून म्हणाले, "ठीक आहे. पोळा झाल्यावरच्या मंगळवारी मुरकुडीला जा, लसी टोचा आणि त्याच दिवशी परत या. टोचून, बरं का! नुसतं हिंडून नाही. एकदा करून दाखवा, मग बोलू." आणि वर हसले.

म्हणून गाडी. आणि बाईमाणसाने एकटीने गाडी घ्यायला जाऊ नये, म्हणून पवनीहून माझा मोठा भाऊ हिरामण. बाप गेल्यापासून दादाच माझा बाप. त्याच्या समजुतीप्रमाणे तो मला स्कूटर घेऊन द्यायला आला होता.

"हे पाय," तो मला एका गुलाबी स्कूटरजवळ घेऊन गेला. "कशी चांगली हाय. बायकांसाठीच बनवली. पाय ठेवाले जागा, साडी सांभाळाची झंझट नाही."

"चाक पाहिलं का हिचं? जेवायच्या ताटाएवढं आहे. आमच्याकडचे खड्डे त्याहून मोठे असतात. ही एका खड्ड्यात उतरली तर वर यायला तिला दुसरी स्कूटर लागेल."

"मंग हळू चालव."

"हळू चालवायचं तर पायीच जाते ना."

दादाने कपाळावर हात मारला. शेठ मात्र व्यापारी माणूस. त्यांनी चिखलाचा धक्का पचवला होता. ते म्हणाले, "ताई, तुम्हाला रस्ता खराब आहे तर मग ही पाहा. वजनदार गाडी आहे. रोड धरून चालते. हिच्यावरून माणूस पडतच नाही."

गाडी खरंच ऐटबाज होती. रुंद टाकी, जाड टायर, खाली चमचमणारा सायलेन्सर. मी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"पडतच नाही?"

"गॅरंटीने सांगतो."

"आणि पडली तर?"

"पडणारच नाही म्हटलं ना ताई."

मी हँडल धरलं, स्टँड वर केलं आणि गाडी हळूच एका अंगावर आडवी केली. शेठ "अहो, अहो" म्हणेपर्यंत ती फरशीवर निजली होती. पेट्रोलचा वास सुटला. दोन कामगार धावत आले.

"हात लावू नका," मी म्हटलं. "मला उचलू द्या."

मी सीटकडे पाठ केली, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, गुडघे वाकवले आणि पायांनी रेटा दिला. ही युक्ती मला कोसमटोल्याच्या शाळेतल्या गुरुजींनी शिकवली होती. त्यांच्या जुनाट गाडीवर मी शाळेच्या पटांगणात चार महिने धडपडत होते. ते म्हणायचे, "सिस्टर, चालवायला कोणीही शिकतो. तुम्ही आधी पडलेली गाडी उभी करायला शिका." त्यांची गाडी मी उभी करायचे. ही हलली नाही. दुसऱ्यांदा जोर केला, वीतभर उठली आणि परत बसली. तिसऱ्यांदा माझ्या कमरेतून कळ गेली.

गिऱ्हाईकं जमली होती. एक म्हातारे गृहस्थ आपल्या जावयाला कोपराने ढोसत होते. कोणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू? पण मी उठून कपडे झटकले आणि शेठना म्हणाले, "ही नको."

दादाने माझा दंड धरून मला बाजूला नेलं. त्याचा आवाज आता खाली आला होता आणि तेच मला जास्त लागलं.

"विशू, तू पडशीलच कायले? आन् पडली तं उचलाले चार लोक येतातच ना."

"कुठून येतात? नाल्यापासून नदीपर्यंत एक घर नाही, दादा."

"मंग त्या ठवरेच्या गाडीवर बसून जा. तेच्यापाशी गाडी हाय, तो मानूस हाय."

"ठवरेंच्या गाडीवर मी एकदा बसलेय."

"मंग?"

"मग काही नाही."

 मी सांगितलं नाही. मग त्याने त्याच्या मनातलं काढलं. "मोटारसायकल चालवणारी पोरगी कोण करन सांग बरं? उद्या पावणे आले तं काय सांगू त्याईले?"

"सांग, की बहीण घरी नाही. ड्यूटीवर गेलीय."

 मी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात गेले. तिथे खोक्यांच्या आड एक काळी गाडी उभी होती. अंगाने सडपातळ. तारांची चाकं, उंच मडगार्ड, चाकावर माझी चार बोटं सहज आत जातील एवढी फट. सायलेन्सर मागे वर चढत गेलेला. बटण नाही, नुसती किक. टाकीवर एक साधी पट्टी, बाकी नटणं-मुरडणं नाही.

"ही?"

"छे छे, ताई," शेठ घाईने म्हणाले. "ती दूधवाल्यांची गाडी आहे. दोन्हीकडे कॅन लटकवायला घेतात. तुम्हाला शोभायची नाही."

"दूधवाला पावसात खाडा करतो का कधी?"

"तसा... नाही करत."

"मग शोभते."

मी उरलेले दोन्ही गोळे तिच्या फटीत दाबले. ढकलली. चाकाने माती खेचली, दाबली आणि पलीकडून बाहेर टाकली. तिचं एक ढेकूळ शेठच्या पायावर पडलं. मग ती आडवी केली. पाठ टेकवली, गुडघे वाकवले, रेटा दिला. गाडी उठली. मी परत आडवी केली, परत उठवली. तिसऱ्यांदा आडवी करायला निघाले तेव्हा शेठनी हात जोडले.

"घ्या ताई. घेऊन जा. पण दुकानात आता नका पाडू."

"हे साडीगार्ड तेवढं काढून द्या. त्याच्यात माती भरते."

"अहो, ते राहू द्या. बायका मागे बसतात तेव्हा पदर चाकात..."

"मी पुढे बसणार आहे."

शेठनी स्वतः पाना आणला. मी वळून पाहिलं तर दादा खिशातल्या रुमालाने फरशीवरची कन्हार पुसत होता, मान खाली घालून. त्याला माझी लाज वाटत होती, की लोकांची, ते मला कधी कळलं नाही. रुमाल काळा झाला तेव्हा त्याने तो घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर जाऊन गाडीवर फोडायला नारळ घेऊन आला.

पोळ्यानंतरचा मंगळवार उजाडला. साहेबांनी साक्षीला म्हणून ठवरेंना माझ्याबरोबर धाडलं. पावसाळ्यात आपली गाडी तिकडे अडते हे ठवरेंना माहीत होतं, म्हणून ते माझ्या मागे बसले. लशीचा डबा त्यांच्या मांडीवर. गावातून निघालो तेव्हा पानठेल्यावरच्या लोकांनी बोलणं थांबवलं. ठवरे अंगाने चांगले भरदार होते. इतका वेळ एवढा मोठा माणूस इतका शांत बसलेला मी पाहिला नव्हता.

"सिस्टर, जरा सावकाश."

"सावकाशच आहे, ठवरे."

"बर्फ हालून रायला."

"बर्फ नाही, तुम्ही हलताय. घट्ट बसा."

दोनदा आम्ही पडलो. पहिल्यांदा मुरमाच्या उतारावर, दुसऱ्यांदा बैलगाडीच्या चाकोरीत. दोन्ही वेळा ठवरेंनी डबा छातीशी धरून उडी मारली आणि मी गाडी उचलली. ठवरे वाईट माणूस नव्हते. गप्पिष्ट होते, कोणाच्या लग्नाला राबायला पहिले. फक्त परत फिरायला त्यांना फार मोठं कारण लागत नसे.

दहाच्या सुमाराला कोहक्याचा नाला आला. पाणी मांडीभर होतं, गढूळ. दोन्ही उतारांवर काळी कन्हार चकाकत होती. ठवरे खाली उतरले, नाल्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं.

"सिस्टर, ऐका माझं. इथून फिरू. वरती पाऊस असन तं पाणी वाढन. साहेबाले मी सांगतो ना, तुम्ही प्रयत्न केला म्हून."

तेच शब्द. अगदी तेच, मागच्या वर्षीचे.

आता सांगते, जे मी दादाला सांगितलं नव्हतं. मागच्या श्रावणात मुरकुडीहून एक माणूस धावत आला होता. जैनी पुंगाटी अडली होती. पहिलटकरीण, एकोणीस वर्षांची. मी तिला तीनदा तपासलं होतं आणि मूल आडवं फिरतंय असं वाटल्यावर तिचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, कळा सुरू झाल्या की निरोप पाठव, मी येते. मी ठवरेंच्या गाडीवर मागे बसून निघाले. याच उतारावर त्यांच्या गाडीच्या मडगार्डात कन्हार भरली, चाक अडलं, गाडी पडली. भारी गाडी. आम्हा दोघांना उचलेना. ठवरे म्हणाले, "सिस्टर, इथून फिरू. पाणी वाढन. आपण प्रयत्न केला." पुढे चौदा किलोमीटर आणि नदी होती. मी पायी जाऊ शकले असते. पाय धड होते माझे. पण मी मान डोलावली आणि फिरले. दुसऱ्या दिवशी पहाटे जैनी गेली. मूल तेवढं वाचलं. चंद्रपूरच्या फरशीवर मी जी माती थापली ती याच उतारावरून खणून नेली होती.

"ठवरे," मी म्हटलं, "तुम्ही डबा डोक्यावर घ्या आणि चालत या. नाहीतर डबा मला द्या आणि तुम्ही फिरा."

"आन् गाडी बंद पडली तं?"

"तर ढकलीन."

मी पहिला गिअर टाकला आणि उतरले. नाल्याच्या मध्यावर गाडी तिरकी झाली, पाणी गुडघ्यांवर आलं, पण सायलेन्सर वर होता आणि इंजिन बोलत राहिलं. पलीकडच्या उतारावर चाकाने माती फेकायला सुरुवात केली. ती माझ्या तोंडावर उडत होती आणि मी जोरजोरात शिव्या देत होते. कोणाला, ते विचारू नका, यादी मोठी होती. वर पोचल्यावर मागे पाहिलं. ठवरे डबा डोक्यावर धरून पाण्यातून येत होते.

नदीवर मात्र त्यांनी हात टेकले. दोन डोंगे बांबूने एकमेकांना बांधून वारलूमामा माणसं आणि गाड्या उतरवायचा. जातीचा ढिवर, म्हणजे मासेमार, साठीचा, कमरेला पंचा आणि तोंडात तंबाखू.

"मले पोवता येत नाही," ठवरे म्हणाले. "मी इथंच थांबतो. तुम्ही जाऊन या."

वारलूमामा माझ्याकडे पाहून म्हणाला, "गाडी कोनाची?"

"माझी."

"गडीमानूस कोठी हाय?"

"नाही."

"मंग नाई जमत, बाई. माझा नेम हाय. ज्याची गाडी त्यानंच चढवाची. मी डोंगा धरतो, गाडीले हात नाई लावत. एकडाव एका साहेबाची गाडी धरली, ते नदीत गेली. साहेब गाडीले नाई रडला, मले बदडून काढलं."

"मी कुठे म्हटलं हात लावा?"

"घसरन. जीव जाईन तुमचा. मांगं जा."

"मामा, तुम्ही डोंगा धरा."

फळी काठाला टेकवलेली होती, ओली. पहिल्या खेपेला चाक फळीवरून घसरलं आणि गाडी हँडलपर्यंत चिखलात रुतली. मी पेट्रोलचा कॉक बंद केला, चप्पल काढून फेकली आणि तिला पाठ लावली. पाय सरकत होते. डोळ्यांपुढे लाल झालं. ठवरे काठावरून "राहू द्या सिस्टर, राहू द्या" करत होते, त्याचा मात्र फार उपयोग झाला. त्यांचा आवाज ऐकूनच मला जोर आला. गाडी उठली. दुसऱ्या खेपेला मी ती फळीवरून नीट वर नेली आणि डोंग्यात आडवी निजवली. वारलूमामाने शाबासकी दिली नाही. थुंकून बांबू उचलला आणि म्हणाला, "डब्बा मांडीवर घ्या. हालू नका."

मुरकुडीत शिरले तेव्हा दुपार टळायला आली होती. डब्याचं झाकण उघडून पाहिलं. बर्फाचे तुकडे उरले होते, पण फार नाही. गाडीच्या आवाजाने पोरं पळाली, कुत्री भुंकली. बाया पोरं कडेवर घेऊन घरांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी मोठ्याने सांगितलं, की लसी आणल्यात, या. एकही पाऊल पुढे आलं नाही. सगळ्या जणी एकाच घराकडे पाहत होत्या.

ते घर मैनीचं. मैनी जैनीची आई आणि गावाची सुईण. त्या गावातलं प्रत्येक मूल तिच्या हातावर जन्मलेलं. स्वतःची मुलगी तिच्याच हातावर गेली होती. ती दाराशी बसून सुपात कोदो पाखडत होती. तिच्या मागे उंबऱ्यावर वर्षाची एक पोर उभी होती, दाराला धरून. मला सांगायची गरज नव्हती ती कोण. मैनीने तिला लस टोचू दिली तर गाव टोचून घेईल. नाहीतर मी डबा भरलेला परत नेणार, आणि उद्यापासून केसपेपर काढणार. ठवरे काठावरून निरोप धाडणार.

मी डबा घेऊन तिच्यासमोर बसले. पोरीकडे हात केला.

"हात नको लावू," मैनी म्हणाली. सूप थांबलं नाही.

मी हात मागे घेतला. तिला मोडकं मराठी यायचं, पण जेवढं यायचं तेवढं पुरत होतं.

"जैनी तुझं नाव घेत होती. रातभर. बाई येते, म्हणे. बाई येते."

माझ्या तोंडात उत्तरं तयार होती. पाऊस होता, पूर होता, गाडी अडली होती. वर्षभर मी ती स्वतःला सांगत आले होते. तिच्यासमोर ती निघेनात.

"मी निघाले होते," मी म्हटलं. "नाल्यापर्यंत आले. मग फिरले."

सूप थांबलं. "कायले?"

"ठवरे म्हणाले, फिरू. म्हणून फिरले. पायी येऊ शकले असते. नाही आले."

"तो म्हणला म्हून."

"हो."

मैनी माझ्याकडे पाहत होती. माझ्या अनवाणी पायांकडे, कमरेपर्यंत माखलेल्या कपड्यांकडे. मग तिने गाडीकडे पाहिलं. दारात उभ्या असलेल्या बायांपैकी कोणी हलत नव्हती. मी रडत होते, पण तोंड फिरवलं नाही. फिरवायचा मला हक्क नव्हता.

"गाडी कोनाची?"

"माझी."

"आज कोनं धाडलं तुले?"

"कोणी नाही. सगळे नकोच म्हणाले."

"सगळे कोन?"

"डॉक्टर. ठवरे. दुकानवाला. माझा भाऊ."

"डोंगेवाला?"

"तोही."

तिने सूप बाजूला ठेवलं आणि उठून घरात गेली. बराच वेळ आली नाही. मी डब्यावर हात ठेवून बसले. तो आता फारसा गार लागत नव्हता. मनात म्हटलं, नाही आली तरी मी उठणार नाही, बर्फ संपला तर संपला, इथेच बसेन.

मैनी बाहेर आली ती हात धुऊन, ओले हात लुगड्याला पुसत. तिने नातीला उचललं, माझ्यासमोर मांडी घालून बसली, पोरीला मांडीवर आडवं घेतलं आणि तिचा उजवा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. पोर टुकूटुकू माझ्याकडे बघत होती.

"टोच," मैनी म्हणाली.

मी टोचलं. पोरीने गाव डोक्यावर घेतलं. दारांतल्या बाया एकेक करून खाली उतरू लागल्या. त्या दिवशी मुरकुडीत सतरा मुलांना टोचून झालं; रात्र झाली, पण मी त्याच दिवशी परत पोचले आणि अकराही गावं माझ्याकडेच राहिली. मैनी तिथून उठली नाही. प्रत्येक मूल तिने आपल्या मांडीवर घेतलं, पाय तिनेच धरला, आणि सतराही वेळा मला म्हणाली, "टोच."